फिलोमिना टीचरचा वाटा

फिलोमिना टीचर आज सकाळी गेल्या.

शाळेत जे इंग्रजी माझ्या डोक्यात शिरलं नाही, ते किनाऱ्यावर आणून शिकवणाऱ्या टीचर.

नववीत इंग्रजीत माझी दांडी गुल झाली. बाबा म्हणाले, "बस झाला शिक्षण. आवशीबरोबर बाजारात म्हावरा विकूक बस."

रडून रडून डोळे सुजवले मी. घरात कोणी ढिम्म हललं नाही.

त्याच आठवड्यात टीचर सकाळी किनाऱ्यावर हजर. बाबांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढायला आम्ही सगळे लागलेलो. टीचरनी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि माझ्यामागे दोर धरला.

"काय गो, वी पुल. काय ओढतंव?"

"दोर."

"इंग्लिशीत सांग!"

"द रोप."

"मगे ट्रान्झिटिव्ह! ओढूक कायतरी व्हया ना? आता आय स्लीप. काय झोपतंय?"



पलीकडच्या दोरावरून बाळाकाका ओरडला, "काय नाय! नुसतो झोपतंय!"

"शाबास! इन्ट्रान्झिटिव्ह!"

मग काय, आय ईट, आय रन, आय क्राय... जाळं काठाला लागेपर्यंत सगळे रापणकर माझ्याबरोबर बोंबलत होते. एवढं हसत मी व्याकरण कधीच शिकले नव्हते.

आमच्याकडे रापणीच्या दोराला हात लावला की वाटा मिळतोच, मग तो कोणीही असो. बाबांनी टीचरच्या पुढ्यात बांगडे ओतले.

टीचर म्हणाल्या, "माका म्हावरा नको. माझो वाटो म्हणान ह्या चेडवाक शाळेत ठेवा."

बाबा तापट. पण दोर ओढलेल्याचा वाटा बुडवणं त्यांना जमणारं नव्हतं. बराच वेळ जाळं झटकत राहिले.

मग म्हणाले, "ऱ्हवांदे शाळेत."

आज मी कणकवलीत इंग्रजी शिकवते. हा धडा आला की मुलांना बाकावरून उठवून दोर ओढायला लावते.

मघाशी बाबांचा फोन आला. आता त्यांना ओढवत नाही, वाळूत बसून नुसते हुकूम सोडतात.

"रापण लागली सकाळी. टीचरचो वाटो बाजूक काढून ठेवलंय. ये आणि घेवन जा."

"बाबा, पण टीचर तर..."

"माका म्हायत आसा गो. तेंचो वाटो तुझोच ना."

मी तशीच निघाले.

एसटीत बसून हे लिहितेय. आधी टीचरच्या घरी जाणार, मग किनाऱ्यावर.

टीचर, मी येतंय.