गुळणीला चालतं

"थांब! उंबऱ्याच्या आत नको आणू!"

काकू वरडल्या. काकू म्हणजे बुवांची बायको. मी भरलेली घागर डोक्यावर घेऊन दारात उभा. चैताचं ऊन, दीड कोस चालून आलतो. मान मोडायला आलती, पण घागर ठेवावी कुठं? ओसरीवर ठेवली तर ओसरी बाटायची, अंगणात ठेवली तर अंगण. मी तसाच उभा राहिलो.

बुवा झोपाळ्यावर पान जमवत होते. घाटनांदूरात त्यांना गाणारे बुवा म्हणायचे. ख्याल गायचे. पार हैदराबादपस्तोर त्यांचं गाणं झालतं. मी त्यांच्याकडं गाणं शिकायला होतो. शिकायला म्हणजे कसा, ते सांगतो मागून.

काकू म्हणल्या, "अहो, मांगाच्या हातचं पाणी हे. ह्याचं मी काय करू?"

बुवांनी पानाला चुना लावला. कात टाकला. सुपारी कातरली. एवढा विचार त्यांनी कधी गाण्यातल्या चिजेचा केला न्हाई. मग म्हणले, "प्यायला नको. स्वयंपाकाला नको. गुळणीला चालतं. गुळणी काय पोटात जाते?"

आन हसले. काकू हसल्या. खोटं कावून सांगू, मीबी हसलो. एकोणीस वर्षांचा घोडा, मिसरूड फुटलेलं, आन आपलं पाणी गुळणीला पास झालं म्हणून दात काढतोय. थू!

बहात्तरचा दुष्काळ. बुवांच्या घरची विहीर आटलती. गावच्या विहिरीवर घरटी दोन घागरी मिळायच्या, त्या पिण्या-रांधण्यात जायच्या. पण बुवांचा गळा! त्याला गुळण्या लागायच्या. सकाळी, रियाजाच्या आधी, रियाज झाल्यावर, जेवल्यावर. म्हणून मला धाडलतं, धर्मापुरीच्या वाटेवरल्या एका मळ्यात.

तवापासून तेच माझं गाणं. अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून मी पाणी कोमट करायचो, चिमूटभर मीठ टाकायचो. बुवा यायचे, ओंजळ पुढं करायचे. एका हातानं तांब्याची धार धरायची, दुसऱ्या हातात पिकदाणी. बुवा मान वर करून घळाघळा घळाघळा करायचे. त्यातच सा लावायचे. तोंडात पाणी आन पाण्यात सा! आन मग पिकदाणीत फेकायचे. पानाचा चोथा, सुपारीचं भुसकट, बेडका. निम्मं पिकदाणीत, निम्मं माझ्या मनगटावर. अजून कुठं गुळणीचा आवाज आला की मी उठून जातो. माझ्या घरात कुणी गुळणी करत न्हाई. सुनंला सांगून ठेवलंय.

मी हे कावून सोसलं? गंड्यासाठी.

गाण्याच्या धंद्यात गुरू शिष्याच्या मनगटाला दोरा बांधतो, त्याला गंडा म्हणतात. दोरा बांधला की तुमी त्यांचे. मग ते शिकवणार, मग तुमाला बैठकीत घेणार. गंडा न्हाई तर तुमी कोण? कुठंबी गेलं तरी पहिला सवाल तोच, 'कुणाचे शागीर्द?' बिनगंड्याचा गवई म्हणजे बिनबापाचं लेकरू.

माझा बा सनई वाजवायचा. लोकांच्या लग्नात मांडवाच्या बाहेर, उन्हात बसून. एका लग्नात मी बाच्या मागं बसून गुणगुणत होतो, ते बुवांनी ऐकलं. बाला म्हणले, "पोराचा गळा चांगला आहे. तुमच्या लोकांना सूर फुकट मिळतो. पाठव माझ्याकडे." बानं तिथंच मातीत डोकं टेकवलं. 'फुकट' ह्या शब्दाचा राग यायला मला लई वर्षं लागली.

पाच वर्षं मी त्यांच्या अंगणात बसलो, गोठ्याला टेकून. ओसरीवर गावातली तिघं पोरं. त्यांना राग, त्यांना चिजा. मला फकस्त सा. "तू खर्ज भर," म्हणायचे. पाच वर्षं एकच सूर! पण कान तर कुणाचे बाटत न्हाईत ना? ओसरीवरचं सगळं मी गोठ्यातून उचललं. त्या पोरांना समेवर येता येत न्हवतं तवा मी म्हशीच्या पाठीवर ताल धरून समेवर यायचो. विचारलं की बुवा म्हणायचे, "गंडा बांधला की तुझंही सुरू करू. घाई काय आहे?"

मळा करीमचाचाचा होता. मोसंबीची झाडं जगवायची म्हणून विहिरीवरनं हलत न्हवता गडी. तो पोहरा शेंदायचा आन सरळ माझ्या हातात द्यायचा. "ले, पैले तू पी. फिर घागर भर." रोज चेष्टा करायचा, "तेरे बुवा का गला है के बगीचा? इतना पानी तो मेरी मोसंबी कू नै लगता." मी हसायचो. बुवांची चेष्टा केली म्हणून मनातल्या मनात मला त्याचा रागबी यायचा.

इकडं मांगवाड्यात बाया वढ्यात झिरा खांदून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. एक घागर भरायला दोन-दोन तास. माझी माय दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आन तिथनं येऊन झिऱ्यावर बसायची. व्हट फुटून रगत आलतं तिच्या. एक दिवस म्हणली, "रोज दोन खेपा बुवाला घालतूस. एक घागर आपल्या दारात टाक की रं."

मी काय म्हणलो असंल?

"माय, ते पाणी बुवांच्या गळ्याचं हाय."

मायनं पदर खोचला. मग म्हणली, "त्याच्या गळ्यात किडं पडू दे," आन वाटी घेऊन झिऱ्यावर गेली.

बुवा वाईट होते म्हणून मोकळा हुईन मी, पण हे वाक्य माझ्या तोंडचं हाय. मायसाठी तिसरी खेप घालता आली असती, पण पाय दुखायचे, म्हणून तिला तहानलेली ठेवली. आन बुवा थुंकायचे त्यासाठी दोन खेपा घातल्या. माझ्याच तोंडाची मला शिसारी येते.

मग कारखान्याचा वर्धापनदिन आला. सहकारी साखर कारखाना. सगळ्यांच्या मालकीचा म्हणायचे. शेअर ऊसवाल्यांचे. आमच्याकडं ऊस न्हवता, कोयता होता. चेअरमनसाहेबांनी बुवांचं गाणं ठरवलं. बुवा मला म्हणले, "त्या दिवशी तुला तंबोऱ्यावर मागे बसवतो. आणि गंड्याचंही तेव्हाच पाहू."

मी चुलतभावाचा पांढरा शर्ट मागून आणला. माय म्हणली, "खरंच बांधणार हाय का रं?" बानं सनई पुसून ठेवली, का ठेवली त्यालाच ठाऊक.

कारखान्याची जीप आली. बुवा पुढं. मागच्या सीटवर दोन तंबोरे झोपवले. मी पार मागं, पायांत घागर धरून. कारखान्यावर पाण्याला तोटा न्हवता, पण बुवांच्या गळ्याला करीमचाचाच्याच विहिरीचं पाणी मानवायचं. पोचलो तर बघतो काय, धूळ उडू नये म्हणून मैदानावर टँकरनं पाणी मारलेलं! चिखल झालता. बाजूच्या रस्त्यानं खडी फोडून बाया घरी चाललत्या, त्या चिखलाकडं बघत.

चेअरमन बुवांच्या पाया पडले. मग माझ्याकडं बघून म्हणले, "ह्यो कोण?"

"हा पाण्याचा," बुवा म्हणले.

पाच वर्षं. बुवांना माझं नाव ठाऊक होतं. माझ्या बाचं नाव ठाऊक होतं. माझा सा कुठं लागतो तेबी ठाऊक होतं. आन मी 'पाण्याचा'.

तंबोऱ्यावर चेअरमनचा पुतण्या बसला. बुवा मला हळूच म्हणले, "साहेबांचा शब्द मोडता येत नाही. तू खाली बस, गुळणीचं बघ." मी स्टेजच्या कडेला खाली मातीत बसलो, घागर, कोमट मिठाच्या पाण्याचा तांब्या आन पिकदाणी घेऊन.

माईकवर एक जण म्हणला, "गायनाच्या आधी बुवा आज आपल्या लाडक्या शिष्याला गंडा बांधणार आहेत."

मी शर्टाची बाही वर सारली. होय, सारली. एवढं होऊनबी मला वाटलं, हाक आता माझी. मातीत बसून उजवं मनगट उघडं करून वाट बघितली मी.

बुवांनी पुतण्याला गंडा बांधला. तंबोऱ्याला तारा किती असतात ते ज्याला मोजून सांगता आलं नसतं, त्याला. गूळ-चणे वाटले. टाळ्या पडल्या. मी बाही खाली घेतली. कुणी बघितलं तर न्हाई ना, म्हणून आजूबाजूला बघितलं. कुणीच बघत न्हवतं.

मग बुवा स्टेजच्या कडेला आले. माझ्याकडं न बघता चुटकी वाजवली आन ओंजळ पुढं केली.

मी उठलो. तांब्या उचलला. बुवांची ओंजळ तशीच पुढं. मी तांब्या माझ्या तोंडाला लावला आन प्यायला लागलो. कोमट, खारट पाणी. ओकारी येत होती. तरी गटागटा प्यालो.

"अरे! अरे, काय करतोस?"

"गिळतो, बुवा."

एवढंच बोललो. पुढच्या दोन-तीन रांगांनी ऐकलं. मी तांब्या रिकामा केला, पालथा करून दाखवला, आन बुवांच्या पायाशी ठेवला. बुवांची ओंजळ अजून तशीच होती. कोरडी.

"कुणाचं हाय बे हे? धरा त्याला!" चेअरमन वरडले.

चौघांनी वढत मंडपाच्या मागं नेलं. हाणलं. व्हट फुटला, चुलतभावाचा शर्ट फाटला. मी हात उगारला न्हाई. माझं ध्यान तिकडं, स्टेजकडं. मला वाटलं, आता बुवांचा आवाज बसणार. आता गाणं मोडणार.

बुवांनी पुरिया राग लावला. गुळणीबिगर. असा काय लागला म्हणता! स्वच्छ, गोल. वरचा सा गाठला आन तिथं ठेवला, टाळ्यांवर टाळ्या.

मी मंडपाच्या मागं पडलतो आन मला उलगडलं. गुळणी लागतच न्हवती त्यांना! नुसता थाट होता. ज्या पाण्यापायी मी मायला झिऱ्यावर धाडलं, ते पाणी हा माणूस थुंकायचं म्हणून थुंकत होता. बिनकामाचं. मार लागला न्हाई तेवढं हे लागलं. पोटातलं पाणी वर आलं. दात आवळले आन परत गिळलं. म्हणलं, आता हे बाहेर पडू द्यायचं न्हाई.

घागर निम्मी भरलेली होती. ती डोक्यावर घेतली आन पायी घरी आलो. मायच्या पुढं ठेवली. ती माझा व्हट बघून म्हणली, "कुणी मारलं रं?"

म्हणलं, "आदी पी."

त्या उंबऱ्यावर मी पुन्हा गेलो न्हाई. करीमचाचाच्या मळ्यात बसून पाच वर्षांचं उचललेलं सगळं घोटलं. बा सनईवर सूर धरायचा, मी गायचो. चुकलं की बा थांबायचा, सनई तोंडातनं काढून नुसतं बघायचा. मला कळायचं. ज्याला लोकांनी मांडवात घेतलं न्हाई, त्याला राग किती ठाऊक होते, ते मला तिथं कळलं. पुढं रेडिओची परीक्षा दिली. फारमात गुरूच्या नावापुढं बाचं नाव लिहिलं. कारकून म्हणला, "हे कोणत्या घराण्याचे?" म्हणलं, "सनईवाले. घाटनांदूरचे." पास झालो. मग गात राहिलो, चाळीसएक वर्षं. गाणारे लोक गुरूचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावतात. बुवांचं नाव निघालं की माझा हात मांडीवरच राहतो. मला गर्विष्ठ म्हणतात. म्हणू द्या.

बुवा कवाच वारले. मागच्या आठवड्यात कारखान्याची माणसं माझ्या घरी आलती. बुवांच्या नावानं सभागृह बांधलंय. उद्घाटनाला मी गावं. पत्रिका छापूनच आणलती. माझ्या नावाखाली लिहिलेलं, 'बुवांचे पट्टशिष्य. बुवांच्या चरणी बसून विद्या घेतली.'

आता चेअरमन तोच पुतण्या. गंडावाला. जल्मात एक सरगम म्हणली नसंल. पाया पडून म्हणला, "पंडितजी, तुमच्याबिगर शोभा न्हाई."

पंडितजी! म्हणलं, "पट्टशिष्य कोण, तू का मी?"

ओशाळला. म्हणला, "जुनं कावून उकरता? कलंत कुठं जात असती?"

"कलंत नसंल. घागरीत होती."

पोरं म्हणतात, जाऊ नका, तब्येतीचं कारण सांगा. मी कावून खोटं बोलू? जाणार हाय मी. बुवांच्या फोटोच्या खाली बसणार. कानाला हात लावणार न्हाई. आदी हे सगळं सांगणार, 'गुळणीला चालतं'पासून 'गिळतो, बुवा'पर्यंत, एक शब्द गाळणार न्हाई. मायला काय बोललो, तेबी सांगणार. मग सा लावणार.

पुतण्याला मी दारातच सांगितलंय. त्याचं तोंड उतरलं. म्हणला, "मग माईक बंद करावा लागंल, पंडितजी."

कर म्हणलं. मला माईक लागत न्हाई. माझा आवाज शेवटच्या रांगंपर्यंत जातो, आन आमची माणसं तिथंच बसत्यात.