सहा सिलिंडरचा मोठा ब्लॉक

हा किस्सा खरं तर मी कुणाला सांगत नाही. बायको सांगते. पण आज ती माहेरी गेली आहे आणि चहा समोर आलाच आहे, तर माझ्या तोंडून ऐका. निदान एकदा तरी माझी बाजू पुढे येईल. अर्थात, बाजू आहे असं ऐकून झाल्यावरही तुम्हाला वाटलं तर.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी भिवंडीत एका शाळेत विज्ञान शिकवायचो. लग्न ठरत नव्हतं. का ठरत नव्हतं हे सांगायला ज्योतिषी नको होता. आई आणि मी दीड खोलीत राहायचो. त्यातली अर्धी खोली म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पाहुण्यांची खोली. मुलीकडचे यायचे, उंबऱ्यात उभे राहून सगळं घर एका नजरेत बघायचे, आणि चार दिवसांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप यायचा. पत्रिका कशी जुळणार? ती खोलीत उघडायलाच जागा नव्हती.

अशा माणसाने काय करावं? जागा बघावी. मी काय केलं? गाडी घेतली.

म्हणजे घेतली नाही, मिळाली. एका लूमवाल्या शेठच्या मुलाला मी दहावीच्या गणितातून तारून नेलं होतं. शेठच्या कारखान्यामागे एक लाल, छोटी, उघडी स्पोर्ट्स कार पडलेली होती. दोन सीटची, लांब नाकाची. कुठल्या तरी साहेबाने कोणे एके काळी विलायतेहून आणलेली. तिच्यावर ग्रे कापडाचे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचे, तागे रचलेले असायचे. शेठ म्हणाले, "मास्तर, ले जाव. मेरेको जगह खाली चाहिए." मी बॉनेट उघडलं. आत इंजिन नव्हतं. ते कधीच काढून विहिरीच्या पंपाला लावलं होतं म्हणे.

पण ती गाडी, काय सांगू. आजही डोळे मिटले की दिसते. मी तिच्यात नुसता बसलो आणि मला वाटलं, मी मास्तर नाहीच.

आता प्रश्न इंजिनाचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रफिकभाईंचं गॅरेज होतं. माणूस दिलदार, पण कुठलीही गोष्ट लहान करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "मास्टर, दो चीज है. एक टॅक्सी का छोटा इंजिन. चलेगा, लेकिन आवाज शिलाई मशीन का आएगा. दुसरा दापोडे में है, मिलिटरी के ट्रक का. छे सिलिंडर. बडा ब्लॉक. चालू करेगा तो पडघा तक सुनाई देगा."

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा. हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, कारण तेव्हा वेळेवर कुणाला सांगितलं नाही आणि पुढचं सगळं झालं.

आठवडाभर मी आणि रफिकभाई आमच्या दारात उभे राहून एवढंच बोलत होतो. छोटा ब्लॉक की मोठा ब्लॉक? शेवटी एका संध्याकाळी मी छाती फुगवून म्हणालो, "ठरलं, रफिकभाई. मोठा ब्लॉकच घेऊ."

आत आई तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, तांदळातला कोंडा गेला असेल.

कोंडा कसला? आमच्याकडे तेव्हा ब्लॉक म्हटलं की एकच अर्थ. अमक्याने डोंबिवलीला ब्लॉक घेतला, तमक्याचा कल्याणला ब्लॉक आहे. हल्ली फ्लॅट म्हणतात तो. आईला वाटलं, पोराला अक्कल आली. दुसऱ्या दिवशी तिने कल्याणच्या मावशीला कळवलं. मावशीने ते एका चांगल्या घरी सांगितलं, आणि लगेच बोलावणं आलं.

मुलीचे वडील अण्णा. जमीनमोजणीच्या खात्यात होते. मोजून बोलायचे, मोजून हसायचे. मुलगी सुनीता, बँकेत नोकरीला. ती पोह्यांची बशी घेऊन आली, बशी ठेवताना म्हणाली, "तिखट आहेत हं, जपून," आणि मी तिथेच गेलो. लपवून काय करायचं? मुलगी मला फार आवडली. हे जमलंच पाहिजे असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

अण्णांनी घसा साफ केला. "कळलं की तुम्ही ब्लॉक बघताय."

माझ्या नादाची बातमी कल्याणपर्यंत आली. मी सुखावलो. "हो तर. ठरल्यातच जमा आहे."

"मोठा की लहान?"

"मोठाच. लहानात काही अर्थ नसतो."

"शाबास. नवा?"

"जुना. मिलिटरीचा आहे."

"मिलिटरीची माणसं नीट ठेवतात," अण्णा आईकडे बघून म्हणाले. आईने मान डोलावली. "पाण्याचं कसं काय?"

मी मनात म्हटलं, वा, माणूस जाणकार आहे. पाण्याशिवाय इंजिन तापतं. "पाणी चारी बाजूंनी फिरतं. ती काळजीच नाही."

"गॅलरी?"

इंजिनात तेल फिरायला जी वाट असते तिला गॅलरीच म्हणतात. सासरा असावा तर असा. "आहे ना. फक्त तुंबलीय. साफ करून घेतली की झालं."

"कबुतरं," अण्णा म्हणाले. मला ते कळलं नाही, पण मोठ्या माणसाला मध्येच काय विचारायचं? "आणि बोअरिंग?"

ब्लॉक आतून झिजला की कातून घेतात, त्याला बोअरिंगच म्हणतात. "ते करावंच लागणार. केलं की पुढे वीस वर्षं बघायला नको."

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "मास्तर, सिलिंडर मिळालाय का पण? तिथेच तर सगळे अडकतात."

"सहा आहेत," मी म्हणालो.

अण्णांनी बशी खाली ठेवली. तुम्हाला आठवत असेल, त्या काळी गॅसच्या दुसऱ्या सिलिंडरसाठी नंबर लावून माणसं म्हातारी व्हायची.

"सहा?"

"आठवाले पण असतात," मी विनयाने म्हणालो, "पण आपल्याला एवढा काय करायचाय?"

सुनीताने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. मला वाटलं, लाजली.

अण्णांनी आईला हात जोडले. "वहिनी, मुलगा मला पसंत आहे. येत्या रविवारी ब्लॉक बघू आणि तिथेच सुपारी फोडू. कुठेशी आहे?"

"दापोड्याला," मी म्हणालो. "गोदामात."

"गोदामापाशी," अण्णांनी स्वतःच्या समजुतीसाठी दुरुस्त केलं. "वाढतेय तिकडची वस्ती."

रविवारी मी लाल गाडी दोरीने टेंपोला बांधून दापोड्याला नेऊन ठेवली होती. ब्लॉक आणि गाडी शेजारी शेजारी दिसली की अण्णा खूश होतील, असा माझा हिशेब. रफिकभाईंनी इंजिन पुसून साखळीला टांगून ठेवलं होतं. लूमच्या कापडाचे गठ्ठे चारी बाजूंना, आणि मध्ये ते काळं धूड.

रिक्षा थांबली. आधी आई उतरली, हातात हळदकुंकवाचं ताट आणि नवी केरसुणी. मग अण्णा, एका हातात नारळ, दुसऱ्यात मोजणीची टेप. मागून सुनीता. केरसुणी बघून माझ्या मनात काहीतरी हललं, पण मी म्हटलं, असेल काही रीत.

अण्णांनी वर पाहिलं, पत्र्याचं छप्पर पाहिलं. "इथून किती लांब आहे ब्लॉक?"

"ये क्या, सामने," रफिकभाई म्हणाले, आणि त्यांनी इंजिनावर थाप मारली. "छे सिलिंडर. एकदम कडक." मग नारळ दिसला तसे ते आणखीच खुलले. "अरे वा, नारियल भी लाए? लाव इधर." आमच्या गावात कुठलंही मशीन नारळाशिवाय चालू होत नाही. अण्णांच्या हातून त्यांनी अलगद नारळ घेतला आणि ब्लॉकच्या कोपऱ्यावर फोडला. थोडं पाणी अण्णांच्या चष्म्यावर उडालं.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मास्तर, हा ब्लॉक?"

"हो."

"गॅलरी?"

मी इंजिनाच्या कुशीतलं भोक दाखवलं. खरं सांगतो, दाखवता दाखवताच मला सगळं कळलं. पाणी, बोअरिंग, सिलिंडर, कबुतरं, सगळं एकदम. आईकडे बघवेना. ती केरसुणी पोटाशी धरून उभी होती.

अण्णा एका गठ्ठ्यावर बसले. मग शांतपणे म्हणाले, "मुलाला काही व्यसन आहे का म्हणून मी कोन गावापासून पडघ्यापर्यंत चौकशी केली. सगळे म्हणाले, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. लोखंड खातो हे कुणीच बोललं नाही."

मी म्हणालो, "अण्णा, मी खोटं काहीच बोललो नाही."

"तेच तर," अण्णा म्हणाले. हातात टेप होती आणि खोल्या तर नव्हत्या. सवयीने त्यांनी इंजिनाला टेप लावली. मग गाडीच्या बॉनेटला लावली. मग पुन्हा इंजिनाला. "मास्तर, वर्गात काय शिकवता?"

"विज्ञान."

"त्यात पहिला धडा कुठला असतो?"

"मापन," मी म्हणालो.

"मग हे इंजिन त्या गाडीला वीतभर मोठं आहे."

रफिकभाई वर बघायला लागले. मला वाटलं, गोदामातल्या एखाद्या गठ्ठ्यात मला गुंडाळून कुणी ट्रकमध्ये टाकलं तर बरं. गाडी गेली, इंजिन गेलं, त्याचं काही नव्हतं. मुलगी गेली, तेवढंच खरं नुकसान.

तेवढ्यात सुनीता म्हणाली, "बाबा, मला सहा सिलिंडरलाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"हे इतकं मनापासून बोलत होते. आणि तुम्हीही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "घराबद्दल बोलत असतात तर एकदा तरी स्वयंपाकघर म्हणाला असतात. तरी मी इथे आले. याचा अर्थ विज्ञानाच्या मास्तरांना लागतो का?"

लागला. थोडा वेळ लागला, पण लागला.

अण्णांनी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग एक अट घातली. इंजिन भंगारात द्यायचं आणि खऱ्या ब्लॉकसाठी नाव नोंदवायचं, छोटा का असेना. मी हो म्हणालो. सुनीतानेही एक अट घातली. वरात त्या लाल गाडीतूनच निघाली पाहिजे. मी म्हणालो, "अहो, तिला इंजिन नाही." ती म्हणाली, "तुम्हाला मित्र आहेत ना?"

तर लग्न लागलं, वऱ्हाड भिवंडीला आलं, आणि नाक्यापासून घरापर्यंत वरात निघाली. सुनीता स्टीअरिंगवर, कारण वळवायचं भान तिलाच होतं. शेजारी मी, फेटा बांधून. मागे माझे मित्र आणि रफिकभाई गाडी ढकलत होते. सगळं छान चाललं होतं. मग चढ लागला आणि नेमका तिथेच बँडवाल्यांनी नाचाचं गाणं धरलं. माझ्या मित्रांना नाचाचं गाणं आणि कर्तव्य यांत कधी घोटाळा झालेला नाही. सगळे हात वर करून बँडकडे धावले, रफिकभाई सगळ्यांच्या पुढे.

गाडी हळूच मागे यायला लागली. सुनीताने माझ्याकडे फक्त पाहिलं. मी उडी मारून उतरलो, मागे गेलो, खांदा लावला आणि ढकलायला लागलो. घामाने मुंडावळ्या गालाला चिकटल्या होत्या.

रस्त्याच्या कडेला सुकी मासळी विकणारी एक म्हातारी बसली होती. तिने गाडीत डोकावून सुनीताला नीट निरखलं, रिकामी सीट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शेजारणीला म्हणाली, "नवरी बेस हाय गो. पन नवरा कुठं हाय? आन् या हमालाला फेटा कोनी बांधला?"