शेवटचा सेट भावाचा

रत्नाबाईच्या घरात एक रीत पडली होती, आणि ती पाडली होती तिनेच. भाऊ-बहीण टेनिस खेळले, की शेवटचा सेट भावाला जायचा.

तिचा नवरा पुंजाराम बोईसरकडच्या एका कारखान्याच्या वसाहतीत टेनिसचं मैदान सांभाळी. सकाळी मातीवर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या. संध्याकाळी साहेबलोक खेळून गेले, की लव झडलेले चेंडू त्याच्या पोरांचे. सुजित थोरला, उत्कर्षा त्याच्या पाठची. सरावलीच्या चाळीतली बाकी पोरं क्रिकेटच्या मागे. ही दोघं मात्र त्या टकल्या चेंडूंवरच मोठी झाली.

पोरगी जरा उंच झाली आणि भावाला हरवायला लागली. सुजित हरला की भाकरीला हात लावीना, भिंतीकडे तोंड करून पडे. आईचं काळीज ते. रत्नाबाईने लेकीला ओट्यापाशी बोलावून हळूच सांगितलं, "पहिला तू घे, शेवटचा त्याला दे. जेवतो तरी." उत्कर्षाने मान डोलावली. त्या दिवसापासून सुजित दोन भाकऱ्या जास्तच खाऊ लागला. स्वस्तात निभावलं, असं रत्नाबाईला वाटलं. असं वाटतं तेव्हाच बाईमाणसाने सावध व्हावं, पण कोण होतं?

शेजारचा धीरज मोबाइलवर परदेशातले सामने लावी, आणि त्याचा नि पुंजारामचा वाद जुंपे. धीरज म्हणे, पुरुषांत शंभरावा गडीसुद्धा पहिल्याला घाम फोडतो, पण मोठे कप दोघे-तिघे कोवळे पोरगेच नेतात. बाकीचे रांगेत म्हातारे होतात. बायकांत कुठूनशी एक नवी पोर उगवते आणि राणीला घरी धाडते. पुंजारामचं म्हणणं, कुणीही जिंकतं म्हणजे बायकांच्या खेळात दम नाही. धीरज म्हणे, कुणीही जिंकतं म्हणजे दम सगळ्यांत आहे. रत्नाबाई लसूण सोलत ऐके. तिला वाटे, दोघे विहिरीच्या काठावर बसून पाण्याची खोली सांगतायत. दोर सोडायला कुणी तयार नाही.

दोर सोडायची वेळ यंदा आली. पुण्याचे दर्पण सर होतकरू पोरं शोधत आले. राहणं, खाणं, शिकवणं सगळं त्यांच्याकडे, पण जागा एकच. सुजित जिल्ह्याच्या स्पर्धेत पुष्कळांना मागे टाकून शेवटी हरला होता. उत्कर्षाने जिल्ह्याचा कप आणला होता, पण मुलींची नावंच आली होती चार, त्यातल्या दोघी खेळायला आल्या नाहीत. सर म्हणाले, या कपावरून मी काय ओळखू? मग त्यांनीच तोड काढली. दोघांनी एकमेकांशी खेळावं. पोरीने भावाला हरवलं तर पोरगीच नेतो. मुलींत नव्या पोरीला वर यायला वाट आहे.

सुजितला कारखान्यात चिकटवायची सोय होती. उत्कर्षासाठी चिंचणीचं स्थळ सांगून आलं होतं, आणि पुंजारामने अजून नाही म्हटलं नव्हतं. ही जागा गेली की रॅकेट माळ्यावर जाणार, हे रत्नाबाईला लख्ख दिसत होतं. तिने गणपतीला नारळ बोलला, आणि तेवढं पुरेल असं धरून चालली.

पहिला सेट उत्कर्षाने घेतला. दुसरा सुजितने. तिसऱ्या, शेवटच्या सेटात पोरगी अशी सुटली, की सर खुर्चीतून उठून उभे राहिले. आता एवढा एक गेम घेतला की झालं. आणि मग तिचा चेंडू मऊ पडायला लागला. जाळीवरून यायचा, सुजितच्या पुढ्यात बसायचा, वाढलेल्या ताटासारखा.

जाळीच्या कुंपणापलीकडून रत्नाबाई बघत होती. तो चेंडू तिच्या ओळखीचा होता; रोज संध्याकाळी पाहिलेला. ओरडावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण सरांनी आधीच बजावलं होतं, बाहेरून शब्द आला तर पॉइंट समोरच्याला. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. सुजितनेही ओळखलं असावं, कारण त्याने एकदा आईकडे पाहिलं. मग चेंडू लांब कोपऱ्यात मारला. पुणं त्यालाही हवं होतं. त्याला तरी काय म्हणावं.

संपल्यावर रत्नाबाई लेकीजवळ गेली. उत्कर्षाच आधी बोलली.

"मी सोडलं नाय, आई. देवाशपथ. शेवटचा सेट संपत आला नि हात आपोआप मऊ झाला."

सुजित पुण्याला गेला. पुंजारामने चिंचणीकरांना पुढच्या महिन्यात या म्हणून कळवलं. इतके दिवस बायकांची बाजू घेणारा धीरजही म्हणाला, बघा, पुरुषांचाच खेळ शेवटी. रत्नाबाई त्याच्याशी महिनाभर बोलली नाही, पण सांगणार तरी काय होती?

एके संध्याकाळी साहेबलोक गेल्यावर तिने सुजितची जुनी रॅकेट घेतली, पदर खोचला आणि मैदानात पोरीसमोर उभी राहिली. उत्कर्षाला हसू आलं.

"आई, लागंल."

"लागू दे. जोरात मार."

उत्कर्षाने हात मागे नेला. रत्नाबाईने डोळे मिटून घेतले. चेंडू आला तो हळू, एक टप्पा घेऊन, अगदी तिच्या रॅकेटपाशी.

"जोरात मार गं," रत्नाबाई म्हणाली.

पुढचाही तसाच आला.