इंटरेस्टेड मंडळींचा शिरा

माणसं जोडणं ही एक साधना आहे, आणि परळ-लालबागच्या पट्ट्यात आमच्या समोरच्यांइतकी ती कुणी केली नसेल. बँकांचे उपाध्यक्ष, सिंगापूरचे सल्लागार, बंगळुरूच्या भरती-अधिकारी बाया, अशी देशोदेशीची मंडळी त्यांनी जोडली. त्यांतल्या एकालाही त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, हा तपशिलाचा भाग.

समोरचे म्हणजे माझ्या दारासमोरच्या दारातले. चाळीच्या जागी टॉवर झाला तेव्हा चिठ्ठ्या टाकून घरं वाटली आणि आम्ही समोरासमोर आलो. ते मला शेजारी म्हणतात, मी त्यांना समोरचे. पन्नाशी उलटलेली, लग्न राहून गेलेलं, आई गेल्यापासून घरात एकटेच. लोअर परळच्या एका औषध कंपनीत माल रवाना करायचं खातं ते सांभाळत. कंपनीने ते खातं गुजरातला हलवलं आणि समोरच्यांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं. मग त्यांच्या भाचीने नोकरदारांच्या एका साइटवर त्यांचं खातं उघडून दिलं, इथे ओळखी वाढवल्या की नोकरी आपोआप येते असं सांगितलं, आणि ती कॅनडाला निघून गेली.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला समोरचे इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवून घरातल्याच संगणकासमोर बसू लागले. बूट कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, चपलेत बसलं की मजकुरात ढिलाई येते. सकाळी स्वतःच स्वतःचा डबा भरायचा आणि दुपारी एकला तो उघडून आज काय दिलंय अशा चेहऱ्याने आत पाहायचं, हाही नेम. ओळख मान्य करणाऱ्या प्रत्येकाला ते आधी गाव विचारत. एका उपाध्यक्षांनी कानपूर असं उत्तर दिलं, तेव्हा कानपूरला आपलं कोण आहे याचा शोध घेण्यात त्यांचे दोन दिवस गेले. कुणाला नोकरीत दहा वर्षं झाली की बाकीचे बटण दाबून अभिनंदन करून मोकळे होत. समोरचे चार ओळी लिहीत आणि शेवटी प्रकृतीला जपा म्हणून सांगत. उलट उत्तर सहसा येत नसे. माणसं बिझी असतात, असं ते म्हणत, आणि पुढच्याला लिहायला घेत.

आपण कामाच्या शोधात आहोत हे जगाला कळावं म्हणून ही साइट फोटोभोवती एक हिरवं कडं घालते. तो फोटो त्यांनी घरच्यांच्या ग्रुपवर टाकला, तर गावाहून थोरल्या भावाचा तातडीने फोन. "रे, फोटोक हार कित्याक घातलंस?" धाकटा जिवंत असल्याची आवाजावरून खात्री पटल्यावरच पुढचं बोलणं झालं. खुलासा ऐकून थोरले म्हणाले, असं चारचौघांत सांगत फिरू नये.

वर्ष असं गेलं. मग समोरच्यांच्या मनाने घेतलं की जो आपल्या घरी आला नाही तो ओळखीचा कसला? त्यांनी सत्यनारायण घालायचा ठरवला. चाळीत असताना पूजेचं आमंत्रण कुणाला वेगळं करत नसत. जिन्याखालच्या फळ्यावर खडूने दिवस, वेळ आणि खोली नंबर लिहिला की अख्खी चाळ तीर्थप्रसादाला यायची, नळावरून भांडलेलेसुद्धा यायचे. टॉवरला फळा नाही. तेव्हा समोरच्यांनी साइटच फळा केली. भाचीने फोनवरून बजावलं होतं, "मामा, देवाधर्माचं नको, प्रोफेशनल लिहा." म्हणून त्यांनी इंग्रजीत लिहिलं की येत्या शनिवारी दिवसभर प्रत्यक्ष भेट ठेवली आहे, अनुभवी आणि नवीन सर्वांचं स्वागत आहे. खाली पत्ता. येणाऱ्यांनी कृपया तसं लिहावं. पूजेचा उल्लेख अगदी शेवटच्या ओळीत, अंग चोरून.

दुसऱ्या दिवशीपासून खाली 'इंटरेस्टेड' या शब्दाची रांग लागली. त्या साइटवर नोकरी शोधणारी माणसं दिसेल त्या मजकुराखाली हा शब्द टाकून पुढे जातात, असं मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, तुमचा स्वभावच संशयी. नागपूरचा एक जण एवढ्या लांबून प्रसादाला येतोय याचं त्यांना फार कौतुक वाटत होतं. रव्याचं माप सव्वा किलोच्या पटीत वाढत गेलं.

पण त्यांचा जीव अडकला होता तो एका अंगठ्यात. लोअर परळच्याच एका मालवाहतूक कंपनीच्या भरतीप्रमुखांनी त्या आमंत्रणावर पसंतीचा अंगठा उमटवला होता. त्या कंपनीत रवानगी खात्यात जागा होती. समोरच्यांनी अर्ज केला होता, उत्तर नव्हतं. "प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही," ते मला म्हणाले. "एकदा घरात येऊन बसू देत. मी कसा माणूस आहे ते कागदावर नाही कळत हो, शेजारी."

शनिवारी पूजेला वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं बसलं आणि आरती होताच सिनेमाला गेलं. आजूबाजूचे वाट्या आणून दारातूनच शिरा घेऊन गेले, पण शेजाऱ्यांना समोरच्यांनी हिशेबात धरलेलंच नव्हतं. सोफ्यावरची पंख्याखालची जागा त्यांनी प्रमुखांसाठी राखली होती. मी तिथे टेकलो तर मला उठवलं. नागपूरकर आले नाहीत. दुपार कलली. समोरचे दर थोड्या वेळाने शिरा गरम करत, त्यामुळे तो घट्ट होत चालला होता.

दिवेलागणीला बेल वाजली. समोरच्यांनी शर्ट सारखा केला आणि दार उघडलं. बाहेर पन्नाशी ओलांडलेले, घामेजलेले गृहस्थ, छातीशी प्लॅस्टिकची फाइल.

"वॉक-इन इंटरव्ह्यू इथेच ना?"

गृहस्थ कॉटन ग्रीनचे. गोदामात कारकून होते, ते गोदाम बंद पडलं. कुणीतरी त्या मजकुराचा फोटो त्यांच्या फोनवर पाठवला होता, शेवटची ओळ कापून.

समोरच्यांनी दार सताड उघडलं. मग म्हणाले, "नोकरी नाही हो इथे. मीच शोधतोय. पूजा आहे."

गृहस्थांनी चौरंगाकडे पाहिलं, हातातल्या फाइलकडे पाहिलं. "मग चप्पल काढू?"

समोरच्यांनी त्यांना पंख्याखाली बसवलं. तीर्थ दिलं, शिरा दिला, परत वाढला. मग हात पुसून फाइल मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. माल भिजून आला तर नोंद कशी करायचात, उंदरांचं काय करायचात, ड्रायव्हर अडून बसला तर काय, असं एकेक विचारत गेले. गृहस्थ आधी सावरून आणि मग मांडी घालून उत्तरं देत होते. थोड्या वेळाने तेच समोरच्यांना प्रश्न विचारू लागले. या दोघांना कामाबद्दल असं कुणी बऱ्याच दिवसांत विचारलेलं नसावं. गावं निघाली, कुणाचातरी लांबचा मावसभाऊ निघाला. प्रमुख आले नाहीत, हे बहुधा माझ्याच लक्षात राहिलं होतं.

निघताना गृहस्थ फाइल सावरत सवयीने म्हणाले, "कळवाल ना?"

"कळवतो," समोरचेही सवयीने म्हणाले. मग दोघंही ओशाळले.

आता बहुतेक शनिवारी गृहस्थ येतात. दार बंद असलं तरी आतली मुलाखत मला ऐकू येते. कधी हे घेतात, कधी ते. नोकरी दोघांनाही लागलेली नाही. साइटवर समोरच्यांच्या ओळखी हजारावर गेल्या आहेत. कॉटन ग्रीनचे गृहस्थ त्यांत नाहीत. त्यांचं तिथे खातंच नाही.