फी आदमी

परवा टीव्हीवर कोळशाची बातमी लागली होती. माणशी उत्पादन पुन्हा वाढलं म्हणे. बीदरला, मैलूर भागातल्या आमच्या घरात बसून मी टीव्हीशीच भांडलो, "माणशी म्हणजे कोणाकोणाला धरून?" बायको आतून कन्नडात म्हणाली, त्याला ऐकू येत नाही. न येऊ दे. हा प्रश्न विचारायचा हक्क माझा आहे, वडिलोपार्जित आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आमच्या संतपूर गावाहून तेलंगणातल्या कोळशाच्या खाणीत गेले. मिसरूड नुकतंच फुटलेलं, अंगात मस्ती. आगगाड्यांना कोळसा पुरत नव्हता, म्हणून वरून सारखा तगादा. पाळी सुटली की साहेब खाणीच्या तोंडाशी उभा राहून एकच विचारायचा, "फी आदमी कित्ता?" म्हणजे माणशी कोळशाचे किती डबे भरले. लढाई संपली, अप्पा गावी परतले, पण येताना हा प्रश्न बरोबर घेऊन आले. ज्वारीची काढणी असो की तुरीची रास, ह्यांचं आपलं "फी आदमी कित्ता?" एकदा व्याह्यांच्या पंगतीत पोळ्या वाढणाऱ्याला त्यांनी हेच विचारलं, तेव्हा आईनं तोंडाला पदर लावला तो जेवणं उरकेपर्यंत काढला नाही.

पण त्यांचा स्वतःचा हिशेब मोठा गमतीचा होता. खाणीत दोघादोघांच्या जोड्या असत. भरलेल्या डब्याला भरणाऱ्यानं आपल्या नावचा पत्र्याचा बिल्ला अडकवायचा, वर त्यावरून मोजणी. अप्पांचा जोडीदार औरादकडचा, तेलुगू बोलणारा, हिवतापानं पार खंगलेला. फावडं उचललं की त्याला धाप लागायची. भरायचे अप्पाच, पण बिल्ले मात्र आळीपाळीनं लागत, एक ह्यांचा, एक त्याचा.

"निम्मा कोळसा दान करून आलेत!" आई चिडवायची.

"जोडी म्हणल्यावर असंच असतंय," अप्पा म्हणायचे. "साहेबाला दोन आदमी दिसले, दोघंबी वर आले. आणिक काय पायजे?"

पुढं मीही तिकडच्याच खाणीत लागलो. तोवर फावडी मागं पडली होती, कोळसा भरायचं यंत्र आलं होतं, आणि ते चालवायचं काम माझ्याकडं होतं. तुमच्या अख्ख्या टोळीला जमला नसता एवढा कोळसा आम्ही एका पाळीत काढतो, हे मी सुट्टीवर आल्यावर ऐटीत सांगितलं. अप्पांनी पान चघळत पारावरच्या लोकांना निकाल देऊन टाकला, "मशीन कोळसा भरतंय, ह्ये नुस्तं बसतंय."

लोक हसले. पुढं दर सुट्टीला तेच. मला ते फार लागायचं. नाकातोंडात धूळ, अंगाचं पाणी पाणी, डोक्यावर छत करकरतंय, आणि म्हणे बसतंय! अप्पांच्या तोंडून एकदा "भरतंय" ऐकायचं, एवढीच माझी हाव होती.

एका वर्षी खाणीत पाळ्यापाळ्यांची चुरस लागली. ज्या पाळीचं माणशी उत्पादन जास्त, तिला पितळी ढाल. आमची पाळी पुढं होती. ढाल नेऊन अप्पांच्या पुढ्यात ठेवायची आणि "आता बोला" म्हणायचं, हे मी ठरवूनच टाकलं. गावात निरोपसुद्धा धाडला. बाजारात तुरी म्हणतात, तसली गत.

त्याच सुमारास आमच्यातल्या एकाच्या कमरेवर छताचा दगड पडला. तो वाचला, कामावर परत आला, पण जड काम होईना. आम्ही त्याला कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याच्या बटनापाशी बसवलं आणि त्याचं काम वाटून घेतलं. आता बरोबरीची दुसरी पाळी पुढं सरकायला लागली. अधिकारी तसा भला माणूस. सगळ्यांसमोरच मला म्हणाला, "याला कागदावर दुसऱ्या कामावर दाखवू. मोजणीत एक माणूस कमी झाला की ढाल तुमचीच."

सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण यंत्र माझ्या हातात होतं आणि वयानंही मीच मोठा. तो कमरेचा गडी आपल्या बुटांकडं बघत राहिला. मला ढाल दिसत होती, खोटं कशाला बोलू. आणि कधी न पाहिलेला तो हिवतापाचा माणूसही दिसत होता.

"साहेब," मी म्हणालो, "आमी हाव तेवढे सगळे मोजा. ह्यो बी आदमीच हाय."

ढाल दुसऱ्या पाळीनं नेली.

गावी गेलो तर पारावर मंडळी वाटच बघत होती. ढाल कुठाय विचारलं, तेव्हा जे झालं ते सांगितलं. एकजण फिसकन हसला. "एका माणसाचं नाव हिकडचं तिकडं करायला तुजं काय जायलतं? कामून न्हाई म्हणलास?"

अप्पा तिथंच होते. त्यांनी तोंडातलं पान थुंकलं, माझं मनगट धरलं आणि मला ओढून आपल्या शेजारी बसवलं.

"तुमास्नी न्हाई कळायचं," ते त्या हसणाऱ्याला म्हणाले. "माझं पोरगं कोळसा भरतंय."