हात वर करून बोला

संस्थेत काम करणाऱ्याला पगार यथातथाच मिळतो, किस्से मात्र पोत्याने. आमच्या संस्थेचं ऑफिस जळगावात, पिंप्राळ्याला, आणि काम गावोगावच्या पाळणाघरांचं. कापूस वेचायला, केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बायकांची पोरं आम्ही दिवसभर सांभाळतो.

संस्था काढली नानांनी, तरुणपणी मास्तर असतानाच. आता नाना निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली, पण मुख्याध्यापकपण सुटलं नाही. मीटिंगमध्ये बोलायचं असेल तर हात वर करायचा आणि नानांनी "हं, बोला" म्हटलं की बोलायचं. नाना स्वतः हात वर न करता बोलतात, आणि भरपूर बोलतात.

*

देणगीदारांनी एकदा पुण्याच्या मॅडम मूल्यमापनाला पाठवल्या. नानांनी आधीच पहूरच्या पाळणाघरात निरोप धाडला, पोरं स्वच्छ दिसली पाहिजेत. बायकांनी तो इतका मनावर घेतला की त्या दिवशी एकही वेचणीला गेली नाही. पोरांना न्हाऊमाखू घातलं, काजळ लावलं आणि आपापलं पोर मांडीवर घेऊन सगळ्या पाळणाघरातच बसल्या.

मॅडमनी सगळं शांतपणे पाहिलं आणि अहवालात लिहिलं, 'माता दिवसा मुलांजवळच असतात. पाळणाघराची गरज तपासावी.'

हे निस्तरलं आमच्या समन्वयक अलकाताईंनी. मॅडमना पुन्हा बोलावलं, गावात कुणाला न कळवता, आणि थेट शेतात नेऊन वेचणाऱ्या आयांशी गाठ घालून दिली. देणगी वाचली. पुढच्या मीटिंगमध्ये नाना म्हणाले, "मॅडमना मी बरोबर पटवलं." अलकाताईंनी हात वर केला होता. नानांना तो दिसला नाही.

*

प्रत्येक देणगीदार एक प्रश्न हमखास विचारतो, नेतृत्वाची दुसरी फळी तयार आहे का? नाना अभिमानाने उपाध्यक्ष बापूंकडे बोट दाखवतात. बापू ऐन तिशीत दुसऱ्या फळीत आले. आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, नातसून यायची बोलणी चाललीत, आणि दुसरी फळी अजून तयार आहे!

*

मग नाना नाशिकला नेतृत्वाच्या शिबिराला गेले. विषय होता, अधिकार कसे सोपवावेत. परत आले ते भारावूनच. सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "आजपासून निर्णय तुम्हीच घ्यायचे. फक्त घ्यायच्या आधी मला एक फोन करा."

त्याच आठवड्यात एका पाळणाघराचा पत्रा वाऱ्याने उडाला. नानांचा फोन लागेना, म्हणून अलकाताईंनी दुपारपर्यंत नवा पत्रा बसवून घेतला. संध्याकाळी नानांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. पोरं उन्हात बसली असती, हे कुणी बोललं नाही. मीही नाही.

धुळ्याची एक संस्था अलकाताईंना केव्हाची बोलावत होती. त्या मला म्हणाल्या, "वार्षिक सभा होऊ दे, मग त्यांना होकार कळवते." मला फार वाईट वाटलं. त्या गेल्या की पाळणाघरं एकेक करून बंद पडणार, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. नाना सोडून.

*

आमच्या वार्षिक सभेची एक रीत आहे. नाना उठून म्हणतात, आता वय झालं, मला मोकळं करा. मग बापू हात वर करतात, तुमच्याशिवाय संस्था पोरकी होईल म्हणतात, टाळ्या पडतात आणि नाना नाइलाजाने आणखी एक वर्ष राहतात.

यंदा मात्र पुण्याच्या मॅडमनी दुसऱ्या भेटीनंतर केलेल्या सूचनेवरून पालकांनाही सभासद केलं होतं. मुक्ताईनगरकडच्या बायका पहिल्यांदाच सभेला आल्या होत्या. नाना नेहमीसारखं बोलले. रुमालही नेहमीच्याच वाक्याला काढला. बापू खुर्चीचा हात धरून उठेपर्यंत पुढच्या ओळीतल्या कमलअक्कांनी हात वर केला. त्यांचा नातू आमच्या पाळणाघरात असतो.

"हं, बोला अक्का," नाना म्हणाले.

"मानूस इतकं इनवू राह्यलं, तं मोकळं करा ना त्याले," अक्का सगळ्यांवर जरा रागावूनच म्हणाल्या. "काह्याले धरून ठेवता? पोराह्यचं समदं अलकाच पाह्यते. तिले बसवा."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी बापूंकडे पाहिलं. बापू अर्धवट उठले होते, ते पुन्हा खाली बसले. आणि मग तेही टाळ्या वाजवू लागले.

नानांनी चष्मा पुसला, अध्यक्षांची खुर्ची सोडली आणि खाली येऊन अक्कांच्या शेजारी बसले. अलकाताई त्या खुर्चीत बसल्या नाहीत. खुर्चीच्या बाजूला उभं राहूनच त्यांनी पुढचा विषय घेतला, उन्हाळ्यात पाळणाघरं किती वाजता उघडायची.

त्यांचं पहिलंच वाक्य संपतंय तोच नानांनी बोलायला तोंड उघडलं. मिटलं. इकडेतिकडे पाहिलं.

मग हळूच हात वर केला.