खोकल्याचा नियम

दोन शाळांमधली ती रायफल स्पर्धा जेवणाच्या टेबलावर जन्मली. खालच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाई आणि वरच्या शाळेत व्यायाम शिकवणाऱ्या त्यांच्या थोरल्या नणंदबाई समोरासमोर बसल्या होत्या.

"मुलींना नेम शिकवायचा म्हणजे सुईत दोरा ओवायचा नव्हे," नणंदबाई सहज म्हणाल्या.

"मग शिकवतेच, ताई," बाई बोलून गेल्या. तोवर झाडूपेक्षा जड हत्यार त्यांनी हातात घेतलं नव्हतं.

पंच म्हणून बाईंच्या नवऱ्याचं नाव एकमताने ठरलं. तो चित्रकला शिकवायचा. स्वभावाने गरीब असल्यामुळे तो आपल्याच मुठीत आहे, याची दोघींनाही खात्री होती.

पहिल्या वर्षी बाईंच्या शाळेतल्या मुलींनी मैदानामागचा मातीचा बांध चाळणीसारखा करून टाकला. एक छर्रा तर शेजारच्या लाँड्रीत वाळत घातलेल्या चादरीतून आरपार गेला.

"चादरीला गुण नसतात गं," नणंदबाई म्हणाल्या.

बाईंनी ते मनावर घेतलं. शाळा सुटली की त्या पोरींबरोबर गोणपाटावर पालथ्या पडून सराव करू लागल्या. कोपरं सोलली, कपड्यांची माती झाली. पण दोन वर्षांत त्यांच्या मुली वरच्या शाळेच्या तोडीस तोड झाल्या.

तिसऱ्या वर्षी शेवटच्या फेरीआधी बरोबरी होती. फेरी चालू असताना कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. नणंदबाई बोलत नव्हत्याच, खोकत होत्या. वाऱ्याची झुळूक आली की एकदा खोकायच्या, त्यांच्या शाळेची मुलगी नेम थोडा उजवीकडे घ्यायची. दोनदा खोकल्या की डावीकडे.

"अहो, तुमची बहीण खोकून शिकवते," बाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या.

"तिला लहानपणापासून कफ आहे," म्हणत तो पेन्सिलीला टोक काढू लागला.

शेवटची फेरी सुरू झाली तशा बाई नणंदबाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि दोनदा खोकल्या. वरच्या शाळेची मुलगी भारी आज्ञाधारक. तिने नेम डावीकडे घेतला. नणंदबाईंनी डोळे वटारले आणि तिला परत आणायला एकदा खोकल्या. बाईंनी लगेच आपला एक त्यात मिसळला. एक आणि एक दोन. मुलगी आणखी डावीकडे सरकली. नणंदबाई खोकत गेल्या, बाई भर घालत गेल्या, आणि शेवटी त्या गुणी पोरीने शेजारच्या टार्गेटच्या मधोमध भोक पाडलं. ते टार्गेट होतं बाईंच्या शाळेच्या मुलीचं.

पंच भिंगातून भोकं मोजत राहिला. एक जास्त होतं.

"ही मुद्दाम खोकली," नणंदबाई म्हणाल्या.

"घराण्यातच कफ आहे ना, ताई."

"तू लग्न करून आलीस या घराण्यात."

"संगतीनेही लागतो."

पुढे बोलायचं तर नणंदबाईंचंच पितळ उघडं पडलं असतं. आणि त्या गरीब माणसाने आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. फेरी रद्द केली, पुन्हा घ्यायची ठरवली आणि बहीण-बायको दोघींना फाटकाबाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर दोघी दोन टोकांना बसल्या.

"कधी ओळखलंस?" नणंदबाईंनी विचारलं.

"पहिल्याच वर्षी. पण तेव्हा आमच्या पोरींना डावं-उजवं सारखंच होतं."

नणंदबाई इतक्या हसल्या की त्यांना खराच ठसका लागला. बाई त्यांची पाठ चोळत बसल्या.

आत वरची शाळा जिंकली, अगदी केसभराने. बाईंना ते लागलं. पण आपल्या मुली कोणी न सांगता, स्वतःच्या जिवावर नेम धरून लढल्या, याचा त्यांना मनातून आनंदही झाला. मार्गदर्शकांनी खोकू नये, असा नियम त्याच संध्याकाळी झाला. नव्या शिक्षकांना तो छापखान्याची चूक वाटतो.

पुढे बाईही बऱ्याचदा जिंकल्या. नणंदबाई त्याहून जास्त वेळा जिंकल्या. किती वेळा, ते त्या जेवायला बसल्या की न विचारता सांगतात.